हिस्टरी घेणारे डॉक्टर

१९२९ सालचा एप्रिल महिना. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये ६५ वर्षांचा, पेशाने स्वतःच डॉक्टर असलेला संधिवाताचा एक पेशंट आपलं दुखणं सांगत होता. बोलता बोलता तो म्हणाला की मध्यंतरी कावीळ झाली आणि तेव्हा सांधे दुखायचेच थांबले. समोर बसलेले डॉक्टर होते फिलिप हेन्च. त्यांनी ती गोष्ट टिपून ठेवली आणि मग वर्षानुवर्षं असे आणखी पेशंट शोधले. कुणाला कावीळ झाल्यावर आराम पडला होता, कुणाला गरोदरपणात. म्हणजे शरीरच एखादं द्रव्य तयार करत असणार, असा त्यांनी कयास बांधला. तो धागा पुढे कॉर्टिझोन या संधिवात शमवणाऱ्या संप्रेरकापर्यंत पोचला आणि १९५०चं नोबेल पारितोषिक हेन्च यांना एडवर्ड केंडॉल आणि टाडेयस राइखश्टाइन यांच्यासोबत मिळालं.

आपल्याकडे डॉक्टर मंडळी ‘पेशंटची हिस्टरी घेतली का?’ असं विचारतात. कधी सुरू झालं, आधी काय झालं, नंतर काय झालं, घरात आणखी कुणाला आहे का, हे सगळं त्यात येतं. हेन्च यांनी पेशंटची हिस्टरी जितक्या चिकाटीने घेतली, तितक्याच चिकाटीने त्यांनी खरोखरच्या इतिहासाचीही हिस्टरी घेतली, आणि तीही मुख्यतः पत्रांतून. विषय होता पीतज्वर, म्हणजे यलो फीव्हर.

१९३७ साली त्यांनी दोन माणसांशी पत्रव्यवहार सुरू केला. एकाचं नाव जॉन मोरान, दुसऱ्याचं जॉन किसिंजर. क्युबामध्ये डिसेंबर १९०० मध्ये या दोघांनी पीतज्वराचे डास स्वतःला मुद्दाम चावून घेतले होते आणि दोघेही तापातून वाचले होते. त्या प्रयोगांना आता चाळिसेक वर्षं होत आली होती. प्रयोग करणाऱ्या मंडळातला कुणी हयात नव्हता. उरले होते स्वयंसेवक, काही लष्करी डॉक्टर, विधवा आणि मुलं. हेन्च यांचा खटाटोप समजायचा, तर क्युबात तेव्हा काय घडलं ते आधी पाहायला हवं.

पीतज्वर हा भयंकर आजार होता. कडक ताप यायचा, मग एखादा दिवस बरं वाटायचं, आणि त्यानंतर काही जणांना कावीळ आणि काळी उलटी. काळी उलटी म्हणजे पोटात साकळलेलं रक्त. पेशंटच्या घाणीने माखलेल्या कपड्यांतून, अंथरुणांतून रोग पसरतो, अशी पक्की समजूत होती. हवानातले डॉक्टर कार्लोस फिन्ले १८८१पासून सांगत होते की हे काम एका विशिष्ट डासाचं आहे. पण त्यांच्या प्रयोगांनी कुणाची खात्री पटेना आणि जवळजवळ वीस वर्षं त्यांचं म्हणणं कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

जून १९०० मध्ये अमेरिकी लष्कराचं चार डॉक्टरांचं मंडळ हवानाजवळ दाखल झालं. वॉल्टर रीड, जेम्स कॅरोल, जेसी लझीर आणि क्युबाचेच आरिस्तिदेस आग्रामोंते. फिन्ले यांनी आपल्याजवळची डासांची अंडी त्यांना देऊन टाकली. वीस वर्षं आपलं ऐकलं न गेलेल्या माणसाने परक्या देशाच्या लष्कराला आपली साधनं अशी विनाअट द्यावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

फिन्ले यांचे डास मग नापास का होत होते? उत्तर वेळेच्या हिशेबात होतं. हेन्री कार्टर नावाच्या डॉक्टरांनी १८९८ मध्ये मिसिसिपीतल्या खेडेगावांत एक गोष्ट हेरली होती. घरात पहिला माणूस आजारी पडल्यावर पुढची माणसं लगेच आजारी पडत नाहीत, मध्ये दोनेक आठवडे जातात. आज याचं कारण आपल्याला माहीत आहे. पेशंटच्या तापाच्या पहिल्या तीनेक दिवसांतच त्याच्या रक्तातून डासाला विषाणू मिळतो. मग तो डासाच्या पोटात वाढतो आणि लाळेच्या ग्रंथींपर्यंत पोचतो, त्याला साधारण बारा दिवस लागतात. त्याआधी डास चावला तरी रोग होत नाही. फिन्ले यांचे डास फार लवकर चावत होते.

ऑगस्टमध्ये लझीर यांच्या डासांनी अकरा जणांना चावे घेतले. त्यांतल्या नऊ जणांना काहीच झालं नाही. २७ ऑगस्टला कॅरोल यांनी हातावर एक डास बसवून घेतला. बारा दिवसांपूर्वी त्या डासाने एका गंभीर पेशंटचं रक्त प्यायलं होतं, तेही आजाराच्या दुसऱ्याच दिवशी. सगळा हिशेब नकळत जुळला होता. कॅरोल मरणाच्या दारात जाऊन परत आले.

सप्टेंबरच्या ८ तारखेला लझीर यांनी आपली पत्नी मेबेल हिला पत्र लिहिलं की आपण खऱ्या जंतूच्या मागावर आहोत असं वाटतंय, पण तू कुणाला अवाक्षरही सांगू नकोस. ती तिकडे अमेरिकेत बाळंतपणासाठी गेलेली. १३ सप्टेंबरला लझीर यांना डास चावला, १८ तारखेला ते आजारी पडले आणि २५ सप्टेंबरला वयाच्या ३४व्या वर्षी वारले. धाकट्या मुलीचं तोंडही त्यांनी पाहिलं नव्हतं. मेबेलला ते आजारी असल्याचंसुद्धा कळलं नव्हतं, एकदम मृत्यूचीच तार आली.

हेन्च यांचं मन सर्वांत जास्त गुंतलं ते लझीर यांच्यात. लझीर यांनी मरण्याआधी सांगितलं होतं की ‘लास आनिमास’ रुग्णालयात पेशंटपाशी काम करताना एक डास हातावर बसला, तो आपण उडवला नाही. पण प्रयोगशाळेच्या वहीत १३ सप्टेंबरची एक नोंद आहे. ‘गिनीपिग नंबर १’ला डास चावला, असं तिथे लिहिलंय, आणि त्या डासाने आधी कोणकोणत्या पेशंटांना चावा घेतला होता, त्यांची नावं तारखांसकट दिली आहेत. हा गिनीपिग म्हणजे लझीर स्वतःच, असं मानणारे अभ्यासक बरेच आहेत. लझीर यांची खिशातली टिपणवही मात्र रीड यांच्याकडे गेली आणि १९०२ मध्ये अपेंडिक्सच्या आजाराने रीड वारल्यावर ती गहाळ झाली. त्या वहीत काय होतं, ती कुणी पाहिली होती, कुठे पाहिली होती, हे प्रश्न हयात असलेल्यांना विचारण्यासारखे होते. मला हा शोध केवळ कुतूहलापोटी केलेला वाटत नाही. आपल्या जिवाचा प्रयोग करणाऱ्याने तो जाणूनबुजून केला की अपघाताने घडला, हे लिहून ठेवणं हे त्या माणसाचं आपल्यावर असलेलं देणं आहे.

लझीर यांच्या वह्या वाचूनच रीड यांना डासाची आणि दिवसांची सांगड कळली. मग नोव्हेंबर १९०० मध्ये हवानाजवळ मारियानाओच्या भागात त्यांनी एक प्रयोगछावणी उभारली आणि तिला नाव दिलं कॅम्प लझीर. छावणीत दोन लाकडी घरं होती. पहिल्या घरात पीतज्वराच्या पेशंटांच्या उलट्यांनी, मलमूत्राने बरबटलेल्या चादरी आणि कपडे ठेवले होते. तीन अमेरिकी तिथे वीस रात्री त्याच अंथरुणात झोपले. वास असा, की पहिल्या दिवशी पेटारे उघडताच ते धावत बाहेर आले. तरी एकालाही ताप आला नाही.

दुसरं घर स्वच्छ होतं. मधोमध तारेच्या जाळीने दोन भाग केलेले. २१ डिसेंबरला दुपारी बारा वाजता मोरान आंघोळ करून, धुतलेला झब्बा घालून एका भागात खाटेवर आडवे झाले. त्या भागात पंधरा डास सोडले होते. अर्धा तास ते पडून राहिले. जाळीपलीकडे आणखी दोन माणसं, तीच हवा, तेच छप्पर. त्या दिवशी संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी मोरान पुन्हा आत गेले. नाताळच्या दिवशी त्यांना ताप चढला. जाळीपलीकडचे दोघे ठणठणीत राहिले. घरात काय आहे यापेक्षा जाळीच्या कुठल्या बाजूला तुम्ही आहात, यावर सगळं ठरत होतं. संसर्गशास्त्रात याहून सुबक प्रयोग मला तरी माहीत नाही.

हवानातली आरोग्य यंत्रणा मग कामाला लागली. शहराचे आरोग्याधिकारी, अमेरिकी लष्करातले डॉक्टर विल्यम गॉर्गस यांनी १९०१ मध्ये घराघरांतले पाण्याचे हौद आणि पिंपं झाकायला लावली, साचलेल्या पाण्यावर तेल ओतलं. १९००मध्ये शहरात ३१० माणसं पीतज्वराने गेली होती. १९०१मध्ये हा आकडा १८ वर आला आणि १९०२मध्ये एकही नाही. आपल्याकडे पावसाळा सुरू झाला की महापालिका आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते, ती हीच शिकवण. डासही तोच, ‘एडिस इजिप्ती’. आपल्या घरांत तो डेंग्यू पसरवतो. पीतज्वर भारतात आलेला नाही, पण तो पसरवणारा डास मुंबई-पुण्यात मुबलक आहे. म्हणून आफ्रिकेतून किंवा दक्षिण अमेरिकेतून येणाऱ्या प्रवाशाच्या हाती लशीचा पिवळा दाखला नसेल, तर विमानतळावर त्याला अडवून ठेवतात. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था १९५२मध्ये सुरू झाली तीही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांच्या भागीदारीत. याच फाउंडेशनच्या प्रयोगशाळेत मॅक्स थायलर यांनी पीतज्वराची लस तयार केली होती. ते साल १९३७, म्हणजे हेन्च यांनी मोरान आणि किसिंजर यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला तेच. थायलर यांना नोबेल मिळालं १९५१मध्ये, हेन्च यांच्यानंतर बरोबर एका वर्षाने.

तर हेन्च. लष्करातले जनरल केन आणि जनरल ट्रुबी, म्हणजे तेव्हा क्युबात असलेले लष्करी डॉक्टर, यांनाही त्यांनी गाठलं. कुटुंबांकडे राहिलेली पत्रं, फोटो, नकाशे गोळा केले. अडचण अशी होती की चाळीस वर्षांनी माणसं गोष्टी खऱ्या मनाने सांगतात, पण गोष्टी आपापल्या जागेवर नसतात. मोरान आणि किसिंजर यांनी पैसे नाकारले, तेव्हा रीड यांनी उभं राहून त्यांना सलाम केला, ही गोष्ट अमेरिकेत मुलांच्या पुस्तकांपर्यंत पोचली आहे. ती तशीच घडली का, यावर आजही एकमत नाही. पैसे नाकारले हे मात्र पक्कं. तेव्हा आठवणीला आठवण लावून पाहायची, त्याच दिवशी लिहिलेलं पत्र मिळालं तर त्याला जास्त वजन द्यायचं, आणि कुणी वेगळं सांगितलं म्हणून त्याला खोटं ठरवायचं नाही. पेशंटच्या बाबतीत चांगला डॉक्टर हेच करतो.

कॅम्प लझीर नेमकं कुठे होतं, हेही विस्मरणात गेलं होतं. मोरान हवानात राहत होते. १९४०च्या दशकात हेन्च तिथे गेले आणि फिन्का सान होसे या शेतवाडीवर एक जुनं लाकडी घर अजून उभं असल्याचं त्यांनी पक्कं केलं. ते पहिलं घर होतं, बरबटलेल्या चादरींचं. ते जतन व्हावं म्हणून त्यांनी क्युबाच्या सरकारकडे पाठपुरावा केला आणि १९५२मध्ये ती जागा स्मारक झाली. मोरान दोन वर्षं आधीच, १९५०मध्ये वारले होते. किसिंजर १९४६मध्ये.

हेन्च यांना या साऱ्याचा ग्रंथ लिहायचा होता. तो झाला नाही. १९६५मध्ये ते वारले आणि पत्रांचा तो संग्रह त्यांच्या पत्नीने व्हर्जिनिया विद्यापीठाला दिला. वॉल्टर रीड यांनी १८६९मध्ये, अठराही पुरी नसताना, डॉक्टरकीची पदवी मिळवली ती याच विद्यापीठात. आता ती पत्रं घरबसल्या वाचता येतात. मी पहिल्यांदा उघडलं ते ३१ डिसेंबर १९००च्या रात्री रीड यांनी पत्नी एमिलीला लिहिलेलं पत्र. वेळ रात्री ११ वाजून ५० मिनिटं. जुनं शतक संपायला दहाच मिनिटं उरलीत, ते लिहितात. पीतज्वरावरचा एक जुना ग्रंथ वाचत बसले आहेत आणि माणसांचं दुःख थोडं तरी हलकं करता यावं ही वीस वर्षांची प्रार्थना फळाला आली, असं सांगतात. मग बारा वाजतात आणि बाहेर २४ बिगुलवाले एकदम जुन्या वर्षाला निरोप देतात, त्याचीही नोंद त्याच कागदावर आहे. संशोधनाच्या छापील निबंधात यातलं काही नाही.

त्याच संग्रहात २६ नोव्हेंबर १९००चा एक करार आहे. प्रयोगासाठी आलेल्या स्पॅनिश स्थलांतरितांना १०० डॉलर सोन्याच्या नाण्यांत मिळणार होते, ताप आला तर आणखी १००. धोका काय आहे, हे त्यांच्या भाषेत लिहून त्यांची संमती घेतली होती. माणसांवरच्या प्रयोगांसाठी लेखी संमती घेण्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक. या करारावर नाव आहे आंतोनियो बेनिग्नो यांचं. डिसेंबरमध्ये त्यांना ताप आला आणि ते बरेही झाले. त्यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट आग्रामोंते यांनी लिहून ठेवली. छावणीतले सोबती त्यांना ‘बोनियातो’ म्हणत. बोनियातो म्हणजे रताळं. त्यांना रताळी फार आवडायची.