चेस इंजिनांच्या चाचणीसाठी प्रारंभस्थितींची निवड

दोन चेस इंजिनांची, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक प्रोग्रामांची, ताकद ताडून पाहताना डाव नेहमीच्या मांडणीपासून सुरू करत नाहीत. काही चाली आधीच झालेल्या, ठरवून निवडलेल्या स्थितींपासून ते खेळवले जातात. अशा स्थितींच्या संचाला परीक्षक ‘ओपनिंग बुक’ किंवा नुसते ‘बुक’ म्हणतात. इंजिनांचे स्वतःचे बुक असेल, तर ते चाचणीपुरते बंद ठेवतात. बुकची निवड वरवर किरकोळ वाटते. प्रत्यक्षात चाचणीतून काही कळणार की नाही, हे बऱ्याच अंशी तिच्यावरच ठरते.

पहिले कारण विविधतेचे आहे. एकाच थ्रेडवर (गणनेच्या एकाच धाग्यावर), ठरावीक नोड (तपासलेल्या स्थिती) मोजून चालवलेले इंजिन तीच स्थिती दिली की तीच चाल खेळते. अशा दोन इंजिनांमध्ये मूळ मांडणीपासून हजार डाव लावले, तर रंग बदलून दोनच वेगळे डाव मिळतात. बाकीच्या त्यांच्याच प्रती. घड्याळ लावले किंवा अनेक थ्रेड दिले, की थोडा फरक पडतो, पण डाव त्याच मोजक्या वाटांनी जातात. वाटांना तोटा मात्र नाही. पांढऱ्याच्या पहिल्या चालीला 20 पर्याय असतात, काळ्याच्या उत्तरानंतर 400 आणि पांढऱ्याच्या दुसऱ्या चालीनंतर 8902 क्रम होतात.

ही अडचण संगणकाच्या आधीचीच आहे. चेकर्सच्या खेळात निष्णात खेळाडूंचे डाव सर्रास बरोबरीत सुटू लागले, तेव्हा पहिल्या तीन चाली चिठ्ठी काढून ठरवायच्या आणि तीच सुरुवात दोघांनी आळीपाळीने दोन्ही बाजूंनी खेळायची, असा नियम अमेरिकेत 1934 मध्ये आला. बुद्धिबळात ब्रिटिश ग्रँडमास्टर जॉन नन यांनी 1990च्या दशकात 10 स्थितींचा संच निवडला. प्रत्येक स्थिती दोन्ही रंगांनी खेळवायची, म्हणजे एकूण 20 डाव. स्थिती नामांकित ओपनिंगमधल्या आणि साधारण समतोल होत्या. तुलना रास्त व्हायची, पण 20 डावांत नशिबाचा वाटा फार मोठा राहतो.

मूळ मांडणीवर भिस्त ठेवली की काय होते, हे स्वतःशीच खेळून शिकलेल्या अल्फाझीरो या प्रोग्रामच्या निकालांवरून दिसले. डिसेंबर 2017 मध्ये जाहीर झालेल्या सामन्यात स्टॉकफिश या बलाढ्य इंजिनाविरुद्ध मूळ मांडणीपासूनच्या 100 डावांत अल्फाझीरोने 28 जिंकले, 72 बरोबरीत सुटले. सामन्याच्या अटींवर टीका झाली. 2018च्या सविस्तर शोधनिबंधात 1000 डावांच्या मुख्य सामन्याबरोबर (155 विजय, 6 पराभव) माणसांच्या प्रचलित ओपनिंगपासूनचे आणि टीसीईसी या इंजिन स्पर्धेच्या 2016 मधील स्थितींपासूनचे सामनेही दिले गेले. तुलनेला खरे वजन आले ते या जोड सामन्यांमुळे.

इंजिने जसजशी बळकट झाली, तसतशी समतोल स्थितीच अडचण ठरू लागली. दोन्ही बाजू इतक्या अचूक खेळतात की डावामागून डाव बरोबरीत सुटतो आणि कोणते इंजिन सरस, हे कळतच नाही. म्हणून आता मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या स्थिती घेतात. जर्मन परीक्षक श्टेफान पोल यांचे ‘अनबॅलन्स्ड ह्यूमन ओपनिंग्ज’ हे संच याच विचाराने बनले आहेत: चाली माणसांच्या डावांतल्या, पण मूल्यांकन (कोणती बाजू किती सरस, हे सांगणारा इंजिनाचा आकडा) ठरावीक पट्ट्यात झुकलेले. स्टॉकफिश 15.1 पासून त्या इंजिनाचे +1.00 हे मूल्यांकन म्हणजे विजयाची शक्यता निम्मी, असे प्रमाण ठरवलेले आहे. त्याच्या आसपासची स्थिती सर्वांत उपयोगी, कारण तिथे विजय आणि बरोबरी यांतले अंतर एखाद्या नेमक्या चालीवर ठरते. त्याहून फार झुकलेली स्थिती समतोल स्थितीइतकीच निरुपयोगी.

झुकलेली स्थिती अन्यायकारक ठरत नाही, कारण डाव जोडीने मोजतात. समजा, पहिल्या इंजिनाने पांढऱ्याकडून डाव जिंकला आणि रंग बदलल्यावर त्याच स्थितीत काळ्याकडून बरोबरी राखली. जोडी दीड-अर्धा अशी सुटली आणि फरक दिसला. दोन्ही डाव पांढऱ्यानेच जिंकले, तर एक-एक. जोडीचे निकाल पाच प्रकारचेच: 0, अर्धा, 1, दीड, 2. संख्याशास्त्राच्या दृष्टीनेही जोडी हेच मोजमापाचे खरे एकक आहे. एकाच झुकलेल्या स्थितीतले दोन डाव एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. ते सुटे मोजले, तर त्रुटीची मर्यादा उगाच फुगते. गॅरी लिन्सकॉट यांनी 2013 मध्ये सुरू केलेल्या फिशटेस्ट या चाचणी-व्यवस्थेवर स्टॉकफिशमधला प्रत्येक बदल अशाच जोड्यांवर तपासला जातो.

संच बनवणे हे चिकाटीचे काम आहे. मारामारी अर्धवट राहिलेल्या स्थिती टाळायच्या, दोन-चारच ओपनिंगांची गर्दी होऊ द्यायची नाही आणि दुबार स्थिती काढायच्या. हे शेवटचे काम दिसते तितके सोपे नाही. 1. डी4 घोडा एफ6 2. सी4 ई6 3. घोडा एफ3 डी5 आणि 1. डी4 डी5 2. सी4 ई6 3. घोडा एफ3 घोडा एफ6 हे दोन्ही क्रम एकाच स्थितीला पोचतात. पण पन्नास चालींच्या नियमासाठीचा (प्यादे न हलता, काही न मारता झालेल्या चाली मोजणारा) गणक पहिल्यात प्यादे शेवटी हलल्याने 0 असतो, दुसऱ्यात 2. शिवाय प्यादे दोन घरे पुढे आले म्हणून काही प्रोग्राम पहिल्यात ‘आँ पासाँ’चे (दोन घरे पुढे आलेले प्यादे शेजारच्या प्याद्याने वाटेतच मारण्याचे) घरही नोंदवतात, तिथे मारायला कोणी नसले तरी. म्हणून स्थिती नोंदवलेल्या ओळी जशाच्या तशा ताडून दुबार स्थिती सापडत नाही. गणक वगळून आणि ते घर तपासूनच तुलना करावी लागते.

टीसीईसीच्या अंतिम सामन्यात 50 ओपनिंग दोन्ही रंगांनी, म्हणजे 100 डाव होतात. तिथल्या अनेक हंगामांची निवड नेदरलँड्सच्या येरून नोमेन यांनी केली. प्रेक्षकांसाठी निवडलेली रंगतदार ओपनिंग आणि विकासकांचा हजारो स्थितींचा संच यांची गरज वेगळी आहे. एकाच्या जागी दुसरे वापरू नये. झुकलेल्या बुकवर दोन इंजिनांतले ईलो (खेळण्याची ताकद दाखवणाऱ्या गुणांकाचे) अंतर समतोल बुकपेक्षा मोठे दिसते, म्हणून वेगवेगळ्या बुकवरचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणे चुकीचे आहे. बुकचे नाव न देता छापलेला ईलो आकडा अपुराच मानावा.

ओपनिंग अजिबात नको असेल, तर फिशर रँडमच्या (मागच्या रांगेतील मोहरे वेगवेगळ्या क्रमाने मांडणाऱ्या बुद्धिबळ-प्रकाराच्या) 960 मांडण्या हाताशी आहेत. दोन्ही बाजूंना वेगवेगळी मांडणी दिली, तर संख्या 9,21,600 होते आणि त्यांतल्या अनेक पहिल्या चालीपूर्वीच झुकलेल्या असतात.