मॅमोग्राफी नॉर्मल आली, पण अक्षर कुठलं आलं?

मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनाच्या एक्स-रे तपासणीचा, रिपोर्ट हातात आला की आपण थेट शेवटची ओळ वाचतो, काही सापडलं नाही ना, सुटलो. पण बहुतेक रिपोर्टमध्ये वर कुठेतरी ए, बी, सी, डी यातलं एक अक्षर असतं, आणि त्या "काही सापडलं नाही"वर किती भरवसा ठेवायचा हे त्या अक्षरावर ठरतं.

स्तनात चरबी असते, शिवाय दुधाच्या ग्रंथी, नळ्या आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू. एक्स-रेमध्ये चरबी काळपट दिसते, ग्रंथी-तंतू पांढरे दिसतात आणि घोळ असा की कॅन्सरची गाठही पांढरीच दिसते. त्यामुळे चरबी जास्त असेल तर गाठ पटकन उठून दिसते, ग्रंथी-तंतू जास्त असतील तर तांदळातला पांढरा खडा शोधायचा प्रकार. ए म्हणजे जवळपास सगळी चरबी, डी म्हणजे एकदम दाट, सी आणि डीला डेन्स म्हणतात. हा काही आजार नाही बरं का, अमेरिकेत चाळिशीपुढच्या जवळपास निम्म्या बायका यात मोडतात. आणि हाताला घट्ट लागतं की मऊ यावरून डेन्सिटी कळत नाही, ती मॅमोग्राममध्येच दिसते. वय वाढलं, पाळी गेली की बहुतेकींची कमी होते. वर डेन्स स्तनात कॅन्सरचा धोकाही जास्त असतो, हे जॉन वुल्फ या रेडिओलॉजिस्टने १९७६ मध्येच मांडलं होतं.

तरी बायकांना कुणी सांगत नव्हतं. अमेरिकेत कनेक्टिकटच्या नॅन्सी कॅपेलो वर्षानुवर्षं मॅमोग्राफी करून घेत होत्या, दरवेळी नॉर्मल. २००४ मध्ये डॉक्टरांच्या हाताला काहीतरी लागलं, मॅमोग्राफीत तेव्हाही काही नाही, सोनोग्राफीत मात्र गाठ दिसली आणि कॅन्सर तोवर काखेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत गेलेला. बाई भडकल्या आणि मागे लागल्या, २००९ मध्ये कनेक्टिकटने कायदा केला की डेन्सिटी पेशंटला कळवायचीच. हा नियम सगळ्या अमेरिकेत लागू व्हायला सप्टेंबर २०२४ उजाडला, तोवर कॅपेलो गेल्या होत्या.

बरं, कळलं डेन्स आहे, मग पुढे? नेदरलँड्समध्ये एकदम दाट स्तन असलेल्या बायकांना जादा एमआरआयसाठी बोलावलं, तर दोन तपासण्यांच्या मधल्या काळात निघणारे कॅन्सर हजारी ५ वरून २.५ वर आले. जपानमध्ये चाळिशीतल्या बायकांना मॅमोग्राफीसोबत सोनोग्राफी केली तर ७७ टक्क्यांऐवजी ९१ टक्के कॅन्सर पकडले गेले. पण जादा तपासणी म्हणजे जादा खोटे इशारेही, कॅन्सर नसतानाच पुढच्या चाचण्या, सुया, आठवडाभर झोप उडालेली, शिवाय यामुळे मृत्यू किती कमी होतात हे अजून सिद्ध झालेलं नाही. म्हणून अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञ गटाने २०२४ मध्ये सरसकट जादा तपासणी करा असं म्हटलं नाही, माझ्या मते बरोबरच केलं.

आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या बायकांची हाताने तपासणी आहे, आणि ती कमी लेखू नका, टाटा मेमोरियलने मुंबईत दीड लाख बायकांवर २० वर्षं केलेल्या अभ्यासात पन्नाशी आणि पुढच्या वयात स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र असा फायदा दिसला नाही, आणि डेन्स स्तन जास्त असतात ते याच वयात. त्यामुळे स्वतःहून मॅमोग्राफी केलीत आणि सी किंवा डी आलं तर सोनोग्राफी लागेल का हे डॉक्टरांना विचारा, घरात आई-मावशी-बहिणीला हा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगा. आणि हाताला गाठ लागत असेल तर रिपोर्ट कितीही नॉर्मल असो, परत दाखवायला जा.