शहरी गोंडोला : नदीच्या खोऱ्यावरून जाणारा सार्वजनिक रोपवे

शहरी गोंडोला म्हणजे दोरावर लटकून जाणाऱ्या केबिनींची अशी सेवा जी फिरायला आलेल्यांसाठी नाही तर रोज कामावर, कॉलेजला, दवाखान्यात जाणाऱ्यांसाठी बस-मेट्रोच्या जोडीने चालवली जाते. आपल्याकडे रोपवे म्हटलं की १९९६ साली सुरू झालेला रायगडचा रोपवे आठवतो, नाहीतर डोंगरावरचं एखादं देऊळ. पण कोलंबिया, बोलिव्हिया, मेक्सिको इथल्या शहरांत लोक डबा घेऊन, इस्त्रीचे कपडे घालून यात बसतात आणि खाली बघतही नाहीत, मोबाइलच बघतात.

नदीचं खोरं असलेल्या शहरात याचा उपयोग जास्त होतो त्याचं कारण साधं आहे. मधे नदी, दोन्ही बाजूला चढ, चढावर दाटीवाटीची वस्ती. रस्ता करायचा तर तो वळणं घेत घेत जातो, पूल बांधायचा तर खर्च मोठा आणि दोन्ही टोकांना घरं पाडावी लागतात. रोपवेला फक्त खांबांपुरती आणि स्टेशनांपुरती जागा लागते, बाकी सगळं हवेतून.

चालतं कसं

सगळ्यात जास्त दिसतो तो एका दोराचा प्रकार, मोनोकेबल. पोलादी दोराचं एक न संपणारं वेटोळं दोन टोकांच्या मोठ्या चाकांवरून सतत फिरत असतं, सेकंदाला ५-६ मीटर म्हणजे ताशी साधारण २० किलोमीटर. केबिन या दोराला वाळत घातलेल्या कपड्याच्या चिमट्यासारखी धरून असते, स्टेशनात आली की पकड सुटते, केबिन वेगळ्या रुळावर येऊन अगदी हळू सरकते, लोक चढतात-उतरतात आणि मग पुन्हा दोर पकडून ती बाहेर पडते. दोर मात्र थांबत नाही. म्हणून टाइमटेबल असं काही नसतंच, दर १०-१५ सेकंदांनी पुढची केबिन हजर. एका लाइनवरून तासाला एका दिशेने ३,००० ते ४,००० माणसं जातात. मोटर एका टोकाला असते आणि उतरणाऱ्या केबिनींचं वजन चढणाऱ्यांना वर ओढायला मदत करतं, त्यामुळे वीज तुलनेने कमी लागते.

दुसरा प्रकार तीन दोरांचा, त्याला ३एस म्हणतात. दोन जाड दोर जागच्या जागी ताणलेले, त्यांच्यावरून केबिन धावते, आणि तिसरा तिला ओढतो. महाग आहे, पण दोन खांबांमधलं अंतर खूप जास्त ठेवता येतं आणि वाऱ्यालाही जास्त दाद देत नाही, रुंद नदी ओलांडायला हाच बरा पडतो. तिसरा जुना प्रकार म्हणजे दोन मोठ्या केबिनी, एक इकडून निघाली की दुसरी तिकडून. यात अंतर वाढलं की फेरीचा वेळ वाढतो आणि माणसं कमी वाहिली जातात.

अडचण एकच मोठी, रोपवेला सरळ रेषाच आवडते. वळायचं असेल तर मधे स्टेशन बांधावं लागतं.

मेदेयीन

या विषयात कोलंबियातल्या मेदेयीनचं नाव पहिलं येतं आणि ते बरोबरच आहे. हे शहर आबुर्रा खोऱ्यात वसलंय, मधून मेदेयीन नदी वाहते आणि १९९५ साली सुरू झालेल्या मेट्रोची मुख्य लाइन नदीच्या कडेकडेने उत्तर-दक्षिण जाते. कारखाने, ऑफिसं खाली आणि गावाकडच्या हिंसाचारातून पळून आलेल्या लोकांनी स्वतःच्या हाताने बांधलेल्या वस्त्या वर, दोन्ही बाजूंच्या उतारांवर. मेट्रो खाली सपाटीवर पण ज्यांना तिची खरी गरज ते वर, अशी सगळी गंमत.

२००४ मध्ये मेट्रोकेबलची, म्हणजे तिथल्या गोंडोला सेवेची, पहिली लाइन ‘के’ सुरू झाली, नदीकाठच्या आसेवेदो मेट्रो स्टेशनपासून वर सांतो दोमिंगोपर्यंत, साधारण २ किलोमीटर, चार स्टेशनं, आणि चढ जवळपास ४०० मीटरचा. रोपवे काही मेदेयीनने शोधला नाही, न्यूयॉर्कमध्ये १९७६ पासून ईस्ट नदीवरून रूझवेल्ट आयलंडला लोक असेच जात होते. मेदेयीनचं वेगळेपण हे की इथे केबल मेट्रोच्या पोटात घातली. एकच कार्ड, खाली उतरलं की तसंच आत चालत मेट्रोत, वेगळं तिकीट नाही. आर्वी पार्कला जाणाऱ्या लाइन एल ला मात्र जादा पैसे पडतात कारण ती सरळसरळ फिरायला जाणाऱ्यांची आहे, आणि हा फरक त्यांनी मुद्दाम ठेवलाय ते मला पटतं.

नुसती केबल टाकून ते थांबले नाहीत हेही सांगायला हवं. महापौर सेर्हियो फाहार्दो यांच्या काळात (२००४-०७) स्टेशनांच्या आजूबाजूला पायऱ्या, छोटे पूल, शाळा, बागा झाल्या, सांतो दोमिंगोला काळ्या दगडांसारखी दिसणारी एस्पान्या लायब्ररी उभी राहिली. जगभरच्या मासिकांनी तिचे फोटो छापले, पुढे बांधकामातल्या दोषांमुळे तीच लायब्ररी बंद ठेवावी लागली, ते फोटो कमी छापले गेले. वस्तीतली गुन्हेगारी कमी झाली ती केबलमुळे असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात, पण त्याच वर्षांत शहरभरच खून कमी होत होते, त्यामुळे सगळं श्रेय दोराला देणं जरा जास्तच होतं. आणि गर्दीच्या वेळी लाइन के ला खाली रांगा लागतात, कारण तासाला ३,००० ही क्षमता अशा वस्तीला पुरत नाही.

नंतर जे, एल, एच, एम अशा लाइन वाढत गेल्या. २०२१ ची लाइन पी पुन्हा आसेवेदोहूनच निघते पण उलट्या बाजूला, नदी ओलांडून पश्चिमेच्या उतारावर एल प्रोग्रेसोला जाते. म्हणजे आता खोऱ्याच्या दोन्ही भिंतींवरून माणसं एकाच स्टेशनात उतरतात.

ला पाझ आणि तुलूझ

बोलिव्हियाच्या ला पाझमध्ये मेट्रो नाहीच. शहर चोकेयापू नदीच्या खोल खोऱ्यात आणि वर ४,००० मीटरच्या पठारावर एल आल्तो. २०१४ मध्ये लाल, पिवळी, हिरवी अशा झेंड्याच्या रंगांच्या तीन लाइन सुरू झाल्या, २०१९ पर्यंत दहा झाल्या आणि एकूण लांबी साधारण ३० किलोमीटर. मेदेयीनला केबल मेट्रोची पुरवणी आहे, इथे केबल हीच मेट्रो. आंदोलनात रस्ते अडवणं तिथे नेहमीचंच, अशा वेळी खाली सगळं ठप्प आणि वरून केबिनी चालू असतात. एका लाइनवरून दुसरीवर गेलं की थोडे पैसे जादा पडतात, रोज बदलणाऱ्याला ते जाणवतं.

फ्रान्समधल्या तुलूझची तेलेओ नावाची केबल मे २०२२ ची, ३ किलोमीटर, तीन स्टेशनं, तीन दोरांची. एका टोकाला विद्यापीठ आणि मेट्रो, मधे टेकडीवर रांगेय हॉस्पिटल, गारोन नदीच्या पलीकडे कॅन्सर उपचार-संशोधनाचं ओंकोपोल, जे २००१ ला स्फोट झालेल्या एझेडएफ खत कारखान्याच्या जागेवर उभं राहिलं. फक्त पाच खांबांवर हे सगळं पेललंय. प्रवास दहा मिनिटांचा, आणि बसचंच तिकीट चालतं.

फसलेले आणि न झालेले

लंडनला २०१२ च्या ऑलिंपिकआधी थेम्सवर केबल कार झाली. दिसायला छान, पण एक टोक ग्रीनिचला आणि दुसरं रॉयल डॉक्सला, तिकीट वेगळं, ट्रॅव्हलकार्डमध्ये (तिथल्या बस-ट्रेनच्या पासात) धरलेलं नाही, आणि जवळच मेट्रोची ज्युबिली लाइन तीच नदी खालून ओलांडते. रोजचा प्रवासी त्यात कशाला बसेल? पर्यटक बसतात. रिओच्या आलेमाँव वस्तीतली केबल २०११ ला वाजतगाजत सुरू झाली आणि २०१६ ला सरकारचे पैसे संपल्यावर बंद पडली. वस्तीच्या माथ्यावर मोठमोठी स्टेशनं आहेत, दोर आहे, सेवा नाही अशी अवस्था झाली.

कॅनडातल्या एडमंटनमध्ये नॉर्थ सस्कॅचवन नदीच्या खोऱ्यावरून डाउनटाउन ते ओल्ड स्ट्रॅथकोना असा खाजगी पैशांचा गोंडोला करायचं ठरत होतं. २०१८ मध्ये लोकांकडून कल्पना मागवण्याच्या एका स्पर्धेतून तो पुढे आला. मार्ग रॉसडेल या भागातून, आणि तिथे आदिवासी लोकांची आणि फर व्यापाराच्या काळातली जुनी दफनभूमी आहे. खांबासाठी खणायचं कुठे हा प्रश्न कागदावर मिटणारा नव्हता, ऑगस्ट २०२२ मध्ये नगरपरिषदेने प्रकल्प बंद केला. शिवाय तिथली एलआरटी (हलकी शहरी रेल्वे) खोरं आधीच ओलांडते, त्यामुळे नोकरदाराला याची गरज कितपत होती ही शंका उरतेच.

सुरक्षा

विजा चमकायला लागल्या किंवा वारा फार झाला की बंद, हे ठरलेलं. वर्षातून काही दिवस देखभालीसाठीही बंद, तेवढे दिवस बस लावाव्या लागतात. अपघात तसे कमी होतात पण होतात, जून २०२४ मध्ये मेदेयीनच्या लाइन के ची एक केबिन खाली पडून एकाचा जीव गेला. अडकणं जास्त वेळा होतं. २००६ मध्ये रूझवेल्ट आयलंडच्या दोन्ही केबिनी नदीवर कित्येक तास लटकून होत्या.

भारतात

गुवाहाटीला ऑगस्ट २०२० मध्ये ब्रह्मपुत्रेवरून रोपवे सुरू झाला, कचारी घाट ते उत्तर गुवाहाटी, सुमारे १.८ किलोमीटर, दोन केबिनींचा जुना प्रकार, एकात तीसेक माणसं. सराईघाट पुलावरून वळसा घेण्यापेक्षा हे जवळ, पण एवढ्या क्षमतेत शहराची गर्दी मावणार नाही. वाराणसीला कँट स्टेशन ते गोदौलिया या रोपवेची पायाभरणी मार्च २०२३ मध्ये झाली, तिथे नदी नाही ओलांडायची, गल्ल्या ओलांडायच्या आहेत. गोव्यात मांडवीवरून पणजी ते रेईश मागूश असा प्रस्ताव मांडला गेला, पण त्याचा भर किल्ला बघायला जाणाऱ्या पर्यटकांवर, आणि रोज पलीकडे जाणाऱ्यांसाठी पणजी-बेती फेरीबोट आहेच, चालत जाणाऱ्याला फुकट.