नॅससाठी रॅम की एसएसडी कॅश? आधी दुखणं कुठलं ते बघा

घरचं नॅस, म्हणजे फायली साठवायची नेटवर्कला जोडलेली डिस्कपेटी, रेंगाळायला लागलं की दोन सल्ले हमखास मिळतात. रॅम टाका, नाहीतर एम.२ नावाच्या छोट्या स्लॉटमध्ये एसएसडी बसवून कॅश, म्हणजे सतत लागणाऱ्या डेटाची जवळची प्रत, सुरू करा. दोन्हींमुळे डिस्कवरचा डेटा जवळ येऊन बसतो, म्हणून दोन्ही एकाच दुखण्यावरची औषधं वाटतात. तशी ती नाहीत. रॅम कमी पडत असेल तर एसएसडी कॅशने ती टंचाई मिटत नाही, उलट थोडी वाढते. आणि कितीतरी घरांत खरा अडथळा तिसरीकडेच असतो, नेटवर्कमध्ये.

म्हणून खरेदीआधी एक हिशेब करा. गिगाबिट लॅनवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० ते ११५ एमबी मिळतात. आजची साधी नॅस हार्ड डिस्क सलग वाचताना त्याहून जास्त, दीडशे-दोनशे एमबी देते. म्हणजे एकटी डिस्कही ती वायर पुरती भरून टाकते. लग्नाचा ४० जीबीचा व्हिडिओ कॉपी व्हायला साधारण सहा मिनिटं लागतात, आणि ३२ जीबी रॅम टाकली तरी सहाच मिनिटं लागतील. ही वेळ कमी करायची तर नॅस, स्विच आणि कॉम्प्युटर तिन्ही २.५ गिगाबिटचे हवेत. एक जरी १ गिगाबिटचा राहिला तरी बाकीचा खर्च वाया.

कॉपीचा वेग ११ एमबीच्या आसपास अडकला असेल तर काहीच विकत घेऊ नका. ती जोडणी १०० मेगाबिटवर चालली आहे. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात. एखादी जोडी तुटली किंवा प्लगमध्ये नीट बसली नाही की दोन्ही टोकं निमूटपणे १०० वर उतरतात. केबल बदलून बघा, मग स्विचचा पोर्ट बदला. आणि ही मापणी वायफायवर करू नका, त्यातून नॅसबद्दल काहीच कळत नाही.

आता रॅमकडे वळू. बहुतेक घरगुती नॅसच्या पोटात लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असतं, आणि रिकामी रॅम लिनक्स वाया घालवत नाही. नुकत्याच वाचलेल्या फायली तिथेच ठेवून देतं. त्यामुळे ‘मोकळी रॅम फक्त १०० एमबी’ असं दिसलं की घाबरायचं कारण नाही. बघायचा तो ‘अव्हेलेबल’चा आकडा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्वॅपची, म्हणजे रॅम भरली की डिस्कवर वापरायच्या जागेची, हालचाल. स्वॅपमध्ये काहीतरी पडून आहे एवढ्यानेही बिघडत नाही. पण रिसोर्स मॉनिटरमध्ये स्वॅपचं वाचन-लेखन सारखं चालू दिसत असेल, तर रॅम खरोखर अपुरी आहे.

मुख्य गोष्ट इथे येते. सिनॉलॉजी या कंपनीच्या नॅसमध्ये स्वॅपची जागा प्रत्येक हार्ड डिस्कच्या एका वेगळ्या विभागात असते. एसएसडी कॅश मात्र तुमच्या डेटाच्या व्हॉल्यूमला, म्हणजे फायली ठेवायच्या भागाला, जोडलेली असते, स्वॅपला नाही. त्यामुळे २ जीबी रॅमवर फोटोंची चेहरेओळख, दोन-तीन कंटेनर (वेगवेगळे चालणारे छोटे प्रोग्रॅम) आणि फाइल शेअरिंग एकत्र चाललं, की फायली देणाऱ्या डिस्कच स्वॅपची ओझी वाहत बसतात, आणि कॅशला त्यात हात घालता येत नाही. शिवाय एसएसडीवर काय कुठे ठेवलंय याचा नकाशा रॅममध्येच राहतो. कॅश जितकी मोठी तितका नकाशा मोठा. आधीच रॅम कमी असलेल्या यंत्राला मोठी कॅश जोडणं म्हणजे भुकेल्याच्या ताटातून घास काढणं.

रॅम घेताना मॉडेलची मर्यादा पाहा. सिनॉलॉजीच्या डीएस२२०+ मध्ये २ जीबी बोर्डावरच पक्की असते आणि एक स्लॉट मिळतो, अधिकृत मर्यादा ६ जीबी. डीएस९२०+ मध्ये ४ अधिक ४, म्हणजे ८ जीबी. डीएस९२३+ मध्ये दोन स्लॉट, ३२ जीबीपर्यंत, पण ती ईसीसी, म्हणजे स्वतःच्या चुका ओळखून सुधारणारी, रॅम असते. लॅपटॉपमधून निघालेली साधी रॅम तिथे घालायच्या भानगडीत पडू नका. डीएस२१८+ सारख्या जुन्या यंत्रात डीडीआर३एल या जुन्या पिढीची रॅम लागते. तिला २०४ पिना, डीडीआर४ला २६०, आणि खाच वेगळ्या जागी. एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही, जोर लावू नका.

बसवताना नॅस सॉफ्टवेअरमधून बंद करा आणि पॉवरची वायर काढा. डीएस२२०+ मध्ये स्लॉट डिस्कच्या कप्प्याच्या आत आहे, म्हणून डिस्क बाहेर काढाव्या लागतात. प्रत्येकीवर क्रमांक लिहा आणि त्याच क्रमाने परत लावा. रॅम तिरकी आत सरकवा, सोनेरी पट्टी जवळपास दिसेनाशी झाली पाहिजे, मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा ‘टक’ वाजल्या पाहिजेत. सुरू केल्यावर निळा दिवा नुसता लुकलुकत राहिला आणि बीप आलाच नाही, तर रॅम अर्धवट बसली आहे किंवा त्या यंत्राला चालत नाही. यंत्र सुरू झालं तरी एवढ्यावर समाधान मानू नका. सिनॉलॉजी असिस्टंटमधली मेमरी टेस्ट रात्रभर लावा. सदोष रॅम दरवेळी यंत्र बंद पाडतेच असं नाही, ती गुपचूप चुकीचा डेटा डिस्कवर लिहू शकते, आणि हे नुकसान बॅकअपमध्येही उतरतं.

एसएसडी कॅशची जागा वेगळी आहे. मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणाऱ्या डिस्कला हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी ४.१७ मिलिसेकंद लागतात, शिवाय डोकं हलायचे आठ-नऊ. म्हणजे इकडेतिकडे विखुरलेल्या छोट्या वाचनांत ती सेकंदाला ऐंशीच्या आसपास कामं करते. एसएसडी हजारोंनी करते. स्वयंपाकघरात ओटा, कपाट आणि माळा असतो तसं हे आहे: रॅम म्हणजे ओटा, एसएसडी म्हणजे कपाट, हार्ड डिस्क म्हणजे माळा. कपाटाचा उपयोग तेव्हाच, जेव्हा तीच ती वस्तू पुन्हा पुन्हा लागते आणि ओट्यावर मावत नाही. हजारो थंबनेल, डेटाबेस, व्हर्च्युअल मशीन, कंटेनर यांना हे लागू पडतं. वर्षातून एकदा बघायच्या सिनेमाला किंवा रात्रीच्या बॅकअपला नाही.

केवळ वाचनाच्या कॅशला एक एसएसडी पुरते. ती मेली तरी डेटा जात नाही, मूळ प्रत डिस्कवर असतेच. वाचन-लेखन कॅशला सिनॉलॉजी दोन एसएसडी मागतं, कारण डिस्कवर अजून न पोचलेला डेटा तिथे असतो. आमचं स्पष्ट मत आहे की घरी वाचन-लेखन कॅश लावू नये. आरशासारख्या जोडलेल्या दोन एसएसडींवर लेखन सारखंच होतं, त्यामुळे त्या झिजतातही बरोबरीने. स्टोरेज मॅनेजरमधून अशी कॅश न काढता एसएसडी उपसल्या, तर अख्खा व्हॉल्यूम कोसळू शकतो. वाटलेला फायदा आणि पत्करलेला धोका यांचा मेळ बसत नाही.

एसएसडी निवडताना पाकिटावरचा वेग नका बघू, टीबीडब्ल्यू बघा, म्हणजे किती टेराबाइट लेखनापर्यंत वॉरंटी आहे ते. ५०० जीबीच्याच आकारात क्रूशियल पी३ला ११०, सॅमसंग ९७० इव्हो प्लसला ३०० आणि डब्ल्यूडी रेड एसएन७००ला १००० टीबीडब्ल्यू आहेत. कॅशमध्ये डेटा सतत आत-बाहेर होतो, म्हणून हा आकडा इथे लॅपटॉपपेक्षा फार महत्त्वाचा. आणखी एक फसगत: एम.२ हा फक्त आकार आहे. त्याच आकारात साटा या जुन्या, हळू जोडणीच्या एसएसडीही मिळतात, आणि डीएस९२०+ चे स्लॉट फक्त एनव्हीएमई या वेगवान प्रकारच्या घेतात.

ट्रूनॅस हे नॅसचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचा क्रम तर ठरलेलाच: आधी रॅम. त्यातल्या झेडएफएस या फाइल प्रणालीची पहिली कॅश, एआरसी, रॅममध्येच असते, आणि एल२एआरसी या दुसऱ्या कॅशची एसएसडी तिचाच काही भाग खाते. एसएलओजी नावाची तिसरी वस्तूही लोक कॅश समजून घेतात. ती फक्त सिंक्रोनस, म्हणजे डेटा सुरक्षित पोचल्याची खात्री होईपर्यंत थांबणाऱ्या, लेखनाला मदत करते. घरी विंडोजवरून फायली टाकताना तिचा उपयोग सहसा होत नाही.

वीज जाते-येते अशा गावात रॅम आणि एसएसडी या दोन्हींच्या आधी यूपीएस घ्या. लिहिलेला डेटा लिनक्स काही काळ रॅममध्ये धरून ठेवतं, मूळ सेटिंगप्रमाणे तीस सेकंदांपर्यंत. वीज गेली की तेवढं गेलं, आणि वाढवलेली रॅम त्यात काही वाचवत नाही. यूपीएस यूएसबी केबलने नॅसला जोडा आणि सेटिंगमध्ये सुरक्षित बंद होणं चालू करा. केबल जोडायचीच राहिली तर बॅटरी संपल्यावर नॅस तसंच धाडकन बंद पडतं.

एसएसडी हातात असेलच, तर कॅशपेक्षा तिचा वेगळा व्हॉल्यूम करून कंटेनर आणि डेटाबेस थेट तिथे हलवणं आम्हाला जास्त पटतं. क्यूनॅप या दुसऱ्या कंपनीच्या टीएस-४६४ मध्ये किंवा ट्रूनॅसवर हे सहज होतं. सिनॉलॉजीमध्ये मॉडेल आणि एसएसडी दोन्ही त्यांच्या यादीत आहेत का ते आधी तपासा. त्या व्हॉल्यूमचा बॅकअप रोज हार्ड डिस्कवर घ्या, कारण तिथे एकच एसएसडी आहे. कॅशच लावली असेल, तर दोन आठवड्यांनी तिचा हिट रेट, म्हणजे मागितलेला डेटा कॅशमध्ये सापडण्याचं प्रमाण, पाहा. तो नगण्य असेल तर तुमचं काम कॅशजोगं नाही. आधी सॉफ्टवेअरमधून कॅश काढा, मग यंत्र बंद करा आणि ती एसएसडी घरातल्या जुन्या लॅपटॉपला लावा. त्या लॅपटॉपला एनव्हीएमई स्लॉट आहे ना, तेवढं मात्र आधी बघा.