हिवाळी शिखरभ्रमंती

हिवाळ्यात भल्या पहाटे निघून डोंगराचा माथा गाठायचा, वरून दिसणारा मुलूख डोळे भरून पाहायचा आणि अंधार पडायच्या आत पायथ्याशी परतायचे, अशी एका दिवसाची डोंगरचढाई. मुक्काम नसतो, त्यामुळे तंबू आणि स्लीपिंग बॅगचे ओझे नसते. दोर लावून चढायचे कडेही नसतात. जायचे नेहमीच्या पायवाटेनेच. फक्त ती बर्फाखाली गेलेली असते, निदान गोठून निसरडी तरी झालेली असते. उन्हाळ्यात पायाखालची असलेली वाट हिवाळ्यातही तशीच वागेल, हा समज या प्रकारात सर्वांत महागात पडतो. उत्तर गोलार्धात याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मार्च, तर दक्षिणेत जून ते ऑगस्ट. उष्ण कटिबंधातल्या कमी उंचीच्या डोंगरांवर बर्फ नसतो, पण कोरडी हवा आणि स्वच्छ आकाश तिथेही भटक्यांना याच दिवसांत वर खेचते.

केवळ पाहण्यासाठी ऐन थंडीत डोंगर चढण्याचे एक जुने, तारखेसह नोंदलेले उदाहरण म्हणजे जर्मन कवी गटे. १० डिसेंबर १७७७ रोजी हार्त्झ पर्वतातल्या ब्रोकेन (१,१४१ मी.) या शिखरावर तो एका वनरक्षकाला सोबत घेऊन बर्फातून चढला. माथ्यावर स्वच्छ ऊन होते आणि खालचा सगळा मुलूख ढगात बुडालेला होता. अमेरिकेत न्यू हॅम्पशरच्या व्हाइट माउंटन्समधली ४,००० फुटांवरची ४८ शिखरे हिवाळ्यात पुरी करण्याची प्रथा पुढे रुजली. मिरियम आणि रॉबर्ट अंडरहिल या दांपत्याने तेव्हाच्या यादीतली सगळी शिखरे १९६० मध्ये पूर्ण केली, तेव्हा मिरियम यांनी साठी ओलांडली होती. या यादीचा नियम मोठा काटेकोर आहे. चढाई ‘हिवाळी’ धरायची तर ती डिसेंबरातल्या अयनदिनाच्या (सर्वांत लहान दिवसाच्या) नेमक्या क्षणानंतर सुरू व्हावी लागते आणि मार्चमधल्या वसंतसंपाताच्या (दिवस-रात्र समान होण्याच्या) क्षणाआधी संपावी लागते. बर्फ छातीपर्यंत असला तरी २० डिसेंबरची चढाई मोजत नाहीत.

माथ्यावरून किती लांबचे दिसते, हे उंचीपेक्षा हवेवर जास्त ठरते. सपाट प्रदेशात उभ्या असलेल्या १,००० मीटरच्या माथ्यावरून क्षितिज सुमारे ११३ किलोमीटरवर असते. उंची दुप्पट केली तर ते १६० किलोमीटरवर जाते, २२६ वर नाही. म्हणजे आणखी उंच शिखर धुंडाळण्यापेक्षा बेताच्या उंचीच्या शिखरासाठी चांगला दिवस निवडणे अधिक शहाणपणाचे. दमट हवेत तरंगणारे सूक्ष्म कण बाष्प शोषून फुगतात आणि प्रकाश जास्त विखुरतात. उन्हाळ्यातले दुधी क्षितिज त्यातून येते. शीत आघाडी, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची कड, सरकून गेल्यावर मागून येणारी हवा थंड, कोरडी आणि धुऊन काढल्यासारखी असते. पण आघाडी गेल्याचा पहिला दिवस सहसा वाऱ्याचा असतो. वारा पडल्यानंतरचा दिवस उत्तम. जास्त दाबाचा पट्टा तसाच ठाण मांडून बसला, की दोन-तीन दिवसांत दऱ्यांमध्ये धूर आणि धूसरपणा साचू लागतो. अनुभवी भटके तारीख आधी ठरवून हवामान पाहत नाहीत. हवामान पाहून तारीख ठरवतात.

साचलेल्या हवेचा एक फायदाही आहे. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिच्यालगतची जड हवा उतारावरून दरीत ओघळते आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. एरवी उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला सुमारे ६.५ अंश सेल्सिअसने उतरते. अशा सकाळी मात्र माथा पायथ्यापेक्षा उबदार असू शकतो. धुके आणि धूर झाकणाखाली अडकतात, आणि चढणारा माणूस करड्या ओलसर अंधुकीतून एकाएकी उन्हात येतो. पायाखाली ढगांचा सपाट पसारा असतो आणि त्यातून फक्त शिखरे वर आलेली दिसतात. गटेने पाहिले ते बहुधा हेच. पायथ्याचे धुके पाहून गाडीतूनच परत फिरणाऱ्यांचा हा देखावा हुकतो, म्हणून माथ्यावरचा कॅमेरा किंवा वेधशाळेची नोंद आधी पाहिलेली बरी.

सूर्य खाली असणे हाही या दिवसांचा गुण. ४५ अंश अक्षांशावर डिसेंबरअखेरीस भर दुपारीही तो क्षितिजापासून साडेएकवीस अंशांच्या आसपासच असतो. त्यामुळे प्रत्येक धार, प्रत्येक घळ सावलीने कोरून काढल्यासारखी उठून दिसते. उन्हाळ्यातल्या दुपारी तेच डोंगर चपटे वाटतात. फ्रान्समधल्या मार्सेय शहराजवळून सुमारे २५० किलोमीटरवरचे कानिगू शिखर वर्षातून दोनदाच, १० फेब्रुवारीच्या सुमारास आणि ऑक्टोबरअखेरीस, मावळत्या सूर्यबिंबावर काळ्या आकृतीसारखे उमटते. वातावरणातून येताना प्रकाश वाकतो म्हणूनच इतक्या लांबून ते नजरेत येते. पाठीशी सूर्य आणि समोर खालच्या बाजूला धुके असेल, तर त्या धुक्यावर स्वतःचीच अवाढव्य सावली पडते आणि डोक्याभोवती रंगीत कडी दिसतात. ब्रोकेनवरून हिला ‘ब्रोकेनचे भूत’ म्हणतात. स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस (१,३४५ मी.) या शिखरावरच्या वेधशाळेत सप्टेंबर १८९४ मध्ये अशीच कडी पाहून सी. टी. आर. विल्सन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला ती प्रयोगशाळेत निर्माण करावीशी वाटली. त्या खटपटीतून अणूहून सूक्ष्म कणांचे माग दाखवणारे मेघकोष्ठ (क्लाउड चेंबर) हे उपकरण जन्माला आले आणि त्याबद्दल १९२७ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

जवळून पाहण्यासारखे सर्वांत विलक्षण काही असेल तर ते माथ्यालगतच्या झुडपांवर आणि दगडांवर साचलेले खरबरीत पांढरे तुषारहिम. शून्याखाली गेलेले, तरीही द्रव राहिलेले ढगातले थेंब वाऱ्याबरोबर येऊन आपटताक्षणीच गोठतात आणि त्यांची पिसे तयार होतात. ही पिसे वारा ज्या दिशेला वाहतो तिकडे नव्हे, तो जिकडून येतो त्या बाजूला वाढतात. रात्रभर वारा कोणत्या बाजूचा होता, याची नोंद त्यांतून आयती मिळते. कुठल्या उतारावर उडालेले बर्फ साचले असेल याचाही अंदाज येतो.

हे सगळे पाहायला मिळते ते थोडक्या उजेडात. हिवाळी भ्रमंतीचे खरे गणित घड्याळाचे. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ याने १८९२ मध्ये मांडलेला आडाखा आजही वापरतात: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. एकूण १२ किलोमीटर चाल आणि ९०० मीटर चढ असलेल्या वाटेला या हिशेबाने चार तास पुरतात. पण ते कोरड्या वाटेवर. मऊ बर्फात तोच वेळ दीडपट-दुप्पट होतो, म्हणजे सहा ते आठ तास. डिसेंबरअखेरीस ४५ अंश अक्षांशावर दिवस पावणेनऊ तासांचा, तर स्कॉटलंडमधल्या केर्नगॉर्म पर्वताच्या अक्षांशावर जेमतेम साडेसहा तासांचा असतो. म्हणून मागे फिरायची वेळ घरूनच ठरवून निघतात. माथा अर्ध्या तासावर दिसत असला तरी ती वेळ झाली की वळायचे. हा नियम पाळणे कुठे अवघड जाते, तर शेवटच्या दोनशे मीटरमध्ये. हेडटॉर्च मात्र दिवसाउजेडी परतायचे ठरले असले तरी बरोबर हवाच, आणि त्याच्या बॅटऱ्या अंगाजवळच्या खिशात. थंडीत बॅटरीची क्षमता घटते. चाळीस टक्के चार्ज दाखवणारा मोबाइल माथ्यावर फोटो काढता काढता बंद पडतो आणि त्याबरोबर त्यातला नकाशाही जातो. कागदी नकाशा आणि होकायंत्र कालबाह्य झालेले नाही, ते यामुळेच.

पायात काय घालायचे हे बर्फाच्या जातीवर ठरते. तुडवून घट्ट झालेल्या वाटेला बुटांवर रबराच्या पट्ट्याने चढवायचे छोटे काटे, म्हणजे मायक्रोस्पाइक, पुरतात. खोल भुसभुशीत बर्फावर वजन पसरून देणारे स्नोशू लागतात. कडक, काचेसारख्या उतारावर दहा-बारा लांब दात्यांचे क्रॅम्पॉन आणि हातात आइस-अ‍ॅक्स. क्रॅम्पॉन पायात असताना बसून घसरत उतरायची हौस करू नये. एखादा दाता बर्फात अडकला की घोटाच मोडतो. आइस-अ‍ॅक्स नुसती पाठीवर मिरवून उपयोग नाही. घसरल्यावर पालथे होऊन तिचे टोक बर्फात रोवायचे आणि थांबायचे, हे सुरक्षित उतारावर आधी घोटवलेले असावे लागते. स्नोशू न घालता चालणाऱ्याचा पाय मांडीपर्यंत रुततो, तो दमतो, आणि मागे सोडलेले खड्डे रात्रीत गोठून पुढच्यांचे पाय मुरगळवतात. न्यू यॉर्क राज्यातल्या अ‍ॅडिराँडॅक पर्वतराजीच्या उंच भागात बर्फ आठ इंचांवर गेले की स्नोशू किंवा स्की वापरणे बंधनकारक आहे, आणि हा नियम अगदी रास्त आहे. सूचिपर्णी झाडांच्या बुंध्यालगत आणखी एक फसगत दडलेली असते: खालच्या फांद्यांमुळे तिथे बर्फाखाली पोकळी राहते आणि पाऊल चुकले तर माणूस कमरेपर्यंत, कधी त्याहूनही खोल जातो.

वाट सापडणे हीच कित्येकदा परीक्षा. अ‍ॅपलॅचियन ट्रेल या अमेरिकेतल्या प्रसिद्ध दीर्घ वाटेवरच्या खुणा पांढऱ्या रंगाच्या पट्ट्यांच्या आहेत. तुषारहिमाने माखलेल्या झाडांवर त्या शोधायच्या म्हणजे आनंदच आहे. ढग उतरले आणि आकाश-जमीन एकाच रंगाची झाली की चढ आहे की उतार हेही कळेनासे होते. बेन नेव्हिसच्या माथ्यावरून उतरताना दोन्ही अंगांना कडे असल्याने अशा वेळी होकायंत्रावर ठरावीक कोन धरून, पावले मोजत, मग दुसरा कोन धरून चालावे लागते. कड्याच्या काठावर वाऱ्याने पुढे वाढलेले बर्फाचे छज्जे वरून पाहणाऱ्याला भक्कम जमीनच वाटतात. दृश्य नीट दिसावे म्हणून कडेला जाणारा माणूस नेमका त्यावर उभा राहतो.

हिमप्रपात हा उंच पर्वतांचाच धोका, असे समजू नये. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर साचलेला थर खालच्या कमकुवत थरावरून सुटतो. बहुतेक बळींच्या बाबतीत तो त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यांनीच सुटवलेला असतो. ताजी हिमवृष्टी, जोराचा वारा, एकदम वाढलेली ऊब आणि पायाखाली ‘वुम्फ’ असा दबका आवाज ही त्याची लक्षणे. युरोपात १९९३ पासून धोक्याची पाच पायऱ्यांची श्रेणी वापरतात आणि तिचे पत्रक हंगामात नियमित निघते. तिसरी पायरी मधली, म्हणून बेताची वाटते, पण तिचे नाव ‘लक्षणीय’ आहे आणि ते गांभीर्यानेच घ्यायचे. गाडले गेल्यावर जगण्याची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. तेव्हा गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारा, ४५७ किलोहर्ट्‌झवर चालणारा शोध-प्रक्षेपक, बर्फात खुपसायची शोधकाठी आणि फावडे प्रत्येकाकडे हवे. मदत बाहेरून येईपर्यंत उशीर झालेला असतो. काही ठिकाणी उन्हाळी वाट घळीतून आणि हिवाळी वाट धारेवरून जाते. व्हाइट माउंटन्समधल्या माउंट वॉशिंग्टनवर (१,९१७ मी.) टकरमन घळीऐवजी हिवाळ्यात लायन हेडची वाट धरतात, ती याच कारणाने.

त्याच माथ्यावर १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी ३७२ किलोमीटरचा झोत मोजला गेला होता. वारा इतका नसला तरी तो थंडीची धार वाढवतोच. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या अमेरिकी संशोधकांनी अंटार्क्टिकावर पाणी गोठायला लागणारा वेळ मोजून वायुशीतनाचा, म्हणजे वाऱ्यामुळे जास्त भासणाऱ्या थंडीचा, हिशेब बसवला. अमेरिका व कॅनडात २००१ पासून सुधारित सूत्र वापरात आहे. त्यानुसार उणे १० अंश तापमान आणि ताशी ३० किलोमीटरचा वारा मिळून उघड्या त्वचेला उणे २० सारखे भासतात. पण शरीराचे तापमान ३५ अंशांखाली घसरण्याची, म्हणजे हायपोथर्मियाची, सुरुवात बहुधा घामापासून होते. चढताना घामाने भिजलेला सुती सदरा माथ्यावर थांबल्यावर अंगातली ऊब ओढून घेतो. म्हणून सुती कपडे घालायचेच नाहीत. लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे पातळ थर घालून, निघताना किंचित गारठलेलेच निघायचे, घाम यायच्या आधी एक थर उतरवायचा आणि माथ्यावर पोहोचल्यावर थंडी वाजायची वाट न पाहता जाड जॅकेट चढवायचे. बोलणे अडखळू लागले, चेन लावता येईना, सोबती एकाएकी गप्प झाला, तर माथा सोडून उतरायला लागावे.

पाण्याच्या बाटल्या पिशवीत उलट्या ठेवतात, कारण बर्फ वरून धरू लागतो आणि झाकण मोकळे राहते. नळीवाल्या पिशवीची नळी मात्र हमखास गोठते. ताजे बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवते, त्यामुळे काळा चष्मा चैनीसाठी नव्हे. डोळे भाजल्याचे काही तासांनी, बहुधा घरी परतल्यावर कळते.

हंगामातला सर्वांत चांगला काळ त्याच्या शेवटाकडे येतो. दिवस मोठा झालेला, बर्फ दबून बसलेले, आणि पहाटे पृष्ठभाग इतका कडक की क्रॅम्पॉनवर भराभर चढता येते. दुपारी तेच बर्फ पिठासारखे सैल होते, म्हणून वेळापत्रक आणखी अलीकडे सरकवावे लागते. पुढे आजूबाजूचे बर्फ वितळते आणि तुडवलेल्या वाटेची तेवढी अरुंद, गोलसर वरंबी उरते; तिच्यावरून पाय सुटला की कडेच्या गाळात. मग चिखलाचे आठवडे येतात. तेव्हा व्हर्माँटसारख्या राज्यात उंचावरच्या वाटांची धूप होऊ नये म्हणून त्या मेअखेरपर्यंत टाळायला सांगतात.