निमव्यावसायिक फुटबॉल क्लब (पुणे)

नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळणाऱ्यांचा क्लब. खेळाडूला बूट, प्रवासखर्च, क्वचित सामन्यामागे थोडे मानधन मिळते. ‘निमव्यावसायिक’ हा शब्द मात्र नियमांत कुठेच नाही. फिफाच्या लेखी खेळाडू एक तर हौशी, नाहीतर व्यावसायिक. लेखी करार हवा आणि होणाऱ्या खर्चापेक्षा जास्त मोबदलाही हवा, तरच तो व्यावसायिक. करार नसेल तर पाकीट घेऊन खेळणाराही कागदावर हौशीच.

पुण्यात हा खेळ रुजला तो कॅम्प आणि खडकीच्या लष्करी छावण्यांच्या आसपास. शहराचे नाव राष्ट्रीय लीगमध्ये नेणारे संघ मात्र बरेच अलीकडचे. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ मध्ये निघाला, २००९-१० मध्ये आय-लीगमध्ये (तेव्हाची देशातली सर्वोच्च लीग) येताच तिसरा आला आणि २०१२-१३ मध्ये चर्चिल ब्रदर्सच्या मागे उपविजेता ठरला. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५ या एकाच मोसमापुरता. जुन्या शिवाजीयन्स क्लबला डीएसके समूहाचे नाव लागले. त्याच्या वाट्याला आय-लीगचे दोन मोसम आले. आयएसएलमधला (इंडियन सुपर लीग) एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये उतरला आणि २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबादने घेतली. चौघांचा खर्च मालकांच्या जिवावर, आणि घरचे मैदान म्हणजे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेले बालेवाडीचे सरकारी संकुल. मालकाने हात काढला की मागे पेठेतला किंवा वस्तीतला क्लब उरत नव्हता.

जिल्हा संघटनेच्या लीगमधले छोटे क्लब वेगळ्या कारणांनी अडतात. पहिले कारण हजेरी. संघात सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरूच होत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारचा सामना लागला की कुणाची शिफ्ट, कुणाची परीक्षा; म्हणून जाणते व्यवस्थापक अठरा-वीस जणांची नोंदणी करतात आणि दोन गोलरक्षक राखतात.

दुसरे कारण मैदान. मुरमाच्या मैदानावर पाणी न मारता खेळले की घसरून अडवताना गुडघ्याची सालटी निघतात आणि चेंडूची शिवण महिनाभरात उसवते. चेंडूतल्या हवेला नियमाने ०.६ ते १.१ वातावरणदाब चालतो. मुरमावर तो खालच्या टोकाशी ठेवावा, नाहीतर टप्पा डोक्यावरून जातो. लांब खिळ्यांचे बूट इथे रुतत नाहीत, पाय मुरगळतो. आखूड, बरेच खिळे असलेला तळ बरा. आखणी करताना कोपऱ्यातून एका रेषेवर १२ मीटर, दुसरीवर १६ मीटर मोजावे. दोन खुणांमधले अंतर बरोबर २० मीटर भरले तर कोपरा काटकोनात. रेषांना फक्कीच वापरावी. चुना स्वस्त पडतो, पण डोळ्यात किंवा खरचटलेल्या कातडीवर गेला की भाजतो.

तिसरे कारण कागद, आणि क्लब मोडतो तो बहुधा इथेच. क्लबची संस्था (सोसायटी) म्हणून नोंद करायला किमान सात सभासद लागतात. पुढे त्या संस्थेचे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहून जातो. वर्षानुवर्षे खेळाडू बदलतात, प्रशिक्षक बदलतात, पण दप्तरी जुनेच विश्वस्त, त्यातला एखादा वारलेला. मग बँक सही मान्य करत नाही, आणि प्रायोजकाने दिलेला धनादेश क्लबच्या नावाचा असूनही खात्यातून पैसे काढता येत नाहीत. तोवर लीगची प्रवेश फी भरायची मुदत टळून गेलेली असते.