उशिरा आलेल्या लशीचा हिशेब

मक्याच्या पोंग्यात शिरून पानांची चाळणी करणारी अमेरिकन लष्करी अळी महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला वेगळी सांगावी लागत नाही. २०१८ साली ती भारतात पहिल्यांदा दिसली आणि बघता बघता आपल्या शिवारांत पसरली. याच किडीच्या कोषातल्या बीजांडकोशातून शास्त्रज्ञांनी काही दशकांपूर्वी पेशी वेगळ्या केल्या. त्या पेशींचे वंशज आजही प्रयोगशाळांत वाढवले जातात, कारण हवं ते प्रथिन बनवून घ्यायला त्या फार सोयीच्या आहेत. नोव्हावॅक्स या अमेरिकन कंपनीची कोविड लस अशाच पेशींमध्ये तयार होते.

कृती थोडक्यात अशी. करोना विषाणूच्या काटेरी प्रथिनाचा जनुक घ्यायचा आणि तो कीटकांना बाधणाऱ्या बॅक्युलोव्हायरसमध्ये बसवायचा. हा विषाणू पेशींमध्ये शिरला की पेशी ते काटेरी प्रथिन बनवू लागतात. मग ते वेगळं करायचं आणि शुद्ध करायचं. एका डोसमध्ये असं प्रथिन फक्त ५ मायक्रोग्रॅम असतं. एवढ्याशा प्रथिनाकडे शरीराचं नीट लक्ष जावं म्हणून जोडीला मॅट्रिक्स-एम नावाचं अ‍ॅड्जुव्हंट असतं. ते चिलीतल्या एका झाडाच्या सालीपासून काढलेल्या सॅपोनिनचं बनलेलं आहे. आपल्या रिठ्याला फेस आणणारी द्रव्यंही सॅपोनिनच.

लस परिणामकारक निघाली. अमेरिका आणि मेक्सिकोत सुमारे ३० हजार लोकांवर घेतलेल्या चाचणीत ९०.४ टक्के परिणामकारकता दिसल्याचं जून २०२१ मध्ये जाहीर झालं. साध्या फ्रीजच्या तापमानाला ती टिकत होती, उणे ७० अंशांची गरज नव्हती. गरीब देशांना हवी होती ती हीच, असं तेव्हा अनेकांना वाटलं, मलाही वाटलं. तरीही पुढची तीन वर्षं ही कंपनी भागधारकांचे दावे आणि करारांचे तंटे यांतच गुंतून पडली.

चाचणीसाठी काही लिटर लस बनवणं आणि हजारो लिटरच्या टाक्यांमधून कोट्यवधी डोस काढणं यात मोठं अंतर आहे. पॅरासिटामॉलची गोळी घ्या. तिचा रेणू छोटा आणि ठरलेला असतो, त्यामुळे गोळीत तो किती आहे हे मोजलं की काम झालं. लशीतलं प्रथिन म्हणजे हजारो अणूंची, विशिष्ट घडी पडलेली साखळी. ती जिवंत पेशींनी बनवलेली असते, आणि पेशी दर वेळी अगदी तंतोतंत तसंच काम करतील असं नाही. टाकी बदलली, तापमान किंचित हललं, गाळण्याची पद्धत वेगळी झाली की त्याचा परिणाम मालावर दिसू शकतो. म्हणून प्रत्येक बॅचमध्ये प्रथिन किती आहे, किती शुद्ध आहे आणि त्यातलं किती योग्य घडीत आहे हे तपासावं लागतं. घडी चुकलेल्या प्रथिनाविरुद्ध शरीराने प्रतिपिंडं बनवली तर ती खऱ्या विषाणूला नीट ओळखतीलच असं नाही.

याहून कठीण भाग पुढचा आहे. तपासणीची पद्धतही भरवशाची हवी. वाण्याच्या तागडीवर विश्वास नसेल तर माल कितीही चोख असला तरी गिऱ्हाईक वजनाबद्दल शंका घेणारच. टेक्सासमध्ये, पुण्यात आणि युरोपात बनलेली लस एकसारखी आहे असं म्हणायचं असेल, तर तिन्हीकडे मोजमाप एकसारखं असायला हवं आणि औषध नियंत्रकाला ते पटायला हवं. नोव्हावॅक्सचं घोडं अडलं ते इथे.

त्याला थोडा इतिहास आहे. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीची एकही लस तोवर बाजारात आलेली नव्हती. पैशाची चणचण इतकी होती की २०१९ मध्ये तिने मेरीलँडमधले आपले दोन कारखाने विकले होते. वर्षभरातच, जुलै २०२० मध्ये, अमेरिकन सरकारने तिला १६० कोटी डॉलर देऊ केले आणि लस तर दुसऱ्यांच्या कारखान्यांत बनवून घ्यायची होती. जानेवारी २०२० मध्ये चार-पाच डॉलरचा असलेला शेअर फेब्रुवारी २०२१ मध्ये ३०० डॉलरच्या वर गेला.

अमेरिकेत परवानगीचा अर्ज कधी करणार, याची तारीख मात्र सतत पुढे जात राहिली. ऑगस्ट २०२१ मध्ये कळलं की तपासणीच्या पद्धतींवर औषध नियंत्रकाशी आधी एकमत करा, नवीन उत्पादन नंतर, असं सरकारने सांगितलं आहे. १९ ऑक्टोबरला एका वृत्तसंस्थेने बातमी दिली की कंपनीच्या लशीची शुद्धता ७० टक्क्यांच्या आसपास अडकली आहे आणि अपेक्षा ९० टक्क्यांची आहे. कंपनीने दर्जाबद्दल पूर्ण खात्री असल्याचं निवेदन काढलं, तरी दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे १५ टक्क्यांनी पडला. नोव्हेंबरमध्ये मेरीलँडच्या संघीय न्यायालयात भागधारकांचा सामूहिक दावा दाखल झाला.

असा दावा शेअर पडला म्हणून करता येत नाही. कंपनीने महत्त्वाची गोष्ट चुकीची सांगितली किंवा दडवली, जाणूनबुजून किंवा तितक्याच गंभीर बेपर्वाईने तसं केलं, आणि खरं बाहेर आल्यामुळेच नुकसान झालं, हे तिन्ही अमेरिकन कायद्यात दाखवावं लागतं. ‘आम्हाला लवकरच परवानगी मिळेल अशी आशा आहे’ या वाक्याला सावधगिरीचा इशारा जोडला असेल तर कायदा सहसा संरक्षण देतो, कारण ते भविष्याबद्दल आहे. ‘उत्पादनातल्या मोठ्या अडचणी आता मागे पडल्या आहेत’ हे मात्र वर्तमानाबद्दलचं विधान झालं आणि ते खरं की खोटं हे तपासता येतं. म्हणजे वकिलांच्या वादाच्या तळाशी प्रश्न विज्ञानाचाच होता: त्या दिवशी, त्या कारखान्यात, त्या बॅचबद्दल कंपनीला नेमकं काय माहीत होतं? डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने काही विधानांपुरता दावा पुढे चालू दिला. २०२४ मध्ये ४ कोटी ७० लाख डॉलरवर तडजोड झाली.

कराराचा तंटा याहून मोठा होता आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचाही. गरीब देशांसाठी लशी विकत घेणाऱ्या गावी या जागतिक संस्थेने मे २०२१ मध्ये नोव्हावॅक्सशी ३५ कोटी डोसचा आगाऊ खरेदी करार केला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचा वाटा धरून एकूण ११० कोटी डोसची व्यवस्था होती. लस सिद्ध होण्याआधीच पैसे द्यायचे म्हणजे कारखाना थांबत नाही, हे अशा करारामागचं तत्त्व. गावीने जवळपास ७० कोटी डॉलर दिले.

जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळायला डिसेंबर २०२१ उजाडला. पुण्यात सीरमने बनवलेल्या याच लशीला, म्हणजे कोव्होव्हॅक्सला, १७ तारखेला, आणि कंपनीच्या स्वतःच्या लशीला तीन दिवसांनी. अमेरिकेची परवानगी तर जुलै २०२२ मध्ये आली. तोवर इतर लशींचा पुरवठा वाढला होता, मागणी ओसरली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीने करार संपवला. तिचं म्हणणं, तुम्ही ठरलेले डोस घेतले नाहीत. गावीचं म्हणणं, आमची आगाऊ रक्कम परत करा. जानेवारी २०२३ मध्ये प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेलं. पुढच्याच महिन्यात कंपनीने आपण तगून राहू की नाही याबद्दल मोठी शंका असल्याचं जाहीर केलं. टेक्सासचा कारखाना चालवणाऱ्या फुजीफिल्मच्या कंपनीला, तिथलं काम थांबवल्याबद्दल, १८ कोटी ५० लाख डॉलरपर्यंत द्यायचं तिने त्याआधीच कबूल केलं होतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये गावीशीही समेट झाला. साडेसात कोटी डॉलर लगेच आणि २०२८ पर्यंत दरवर्षी ८ कोटी, म्हणजे जास्तीत जास्त ४७ कोटी ५० लाख. या हप्त्यांतला काही भाग कमी उत्पन्नाच्या देशांना लस देऊनही फेडता येईल, अशी तरतूद त्यात आहे.

समेट झाला याचं मला समाधान आहे, कारण कंपनी बुडाली असती तर गावीच्या हाती फारसं काही लागलं नसतं. पण एक गोष्ट मनाला लागते. दोन्ही प्रकरणांत निकाल लागला नाही. लवादाचं कामकाज बंद दाराआड चालतं आणि तडजोडीत कुणी चूक कबूल करत नाही. त्यामुळे शुद्धतेचे आकडे नेमके का अडले, मोजमाप कमी पडलं की माल, याचं उत्तर उलटतपासणीला सामोरं जाऊन उघड नोंदीत आलंच नाही. पुढच्या साथीत लस बनवणाऱ्या प्रत्येक कारखान्याला त्या नोंदीचा उपयोग झाला असता. आणि २०२१ मध्ये डोसची वाट पाहत राहिलेल्यांना यांतल्या एकाही दाव्यात वादी म्हणून जागा नव्हती. गरीब देशांपर्यंत लशी पोचवणाऱ्या कोव्हॅक्स या जागतिक योजनेने त्या वर्षी २०० कोटी डोस पोचवायचं ठरवलं होतं, त्यातला पहिला १०० कोटींचा टप्पाच जानेवारी २०२२ मध्ये गाठला गेला.

ते अ‍ॅड्जुव्हंट मात्र वाया गेलं नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेल्या आर-२१ या मलेरियाच्या लशीत तेच मॅट्रिक्स-एम आहे, आणि ती लस पुण्यात सीरममध्ये बनते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली. जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टमधल्या बाळांना ती मिळू लागली, गावीच्या पाठबळावर.